पचनज व्रण : आहार आणि राहणी

पचन तंत्राच्या ज्या भागांशी जठररसाचा संपर्क येतो, त्या भागांतील श्लेष्मकलेचा (आतील बुळबुळीत अस्तराचा) मर्यादित जागी नाश होऊन पडणाऱ्या खोल जखमेस ‘पचनज व्रण’ म्हणतात. हा व्रण मुख्यतः जठरात किंवा ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) आढळतो व त्यानुसार त्यास ‘जठरव्रण’ वा ‘ग्रहणीव्रण’ असे म्हणतात. क्वचित तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, तसेच जठर व लहान आतडे शस्त्रक्रियेने जोडले असल्यास त्या जोडाजवळही होतो. श्लेष्मकलेच्या तळाशी असलेला पातळ स्नायुस्तर भेदून गेलेल्या जखमेसच व्रण म्हणतात. त्याहून उथळ जखमेस ‘क्षरण’ अशी संज्ञा आहे. लोकव्यवहारात छातीत जळजळणे, आंबट ढेकर व पोटदुखी या सर्वांनाच ‘पित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हटले जाते. परंतु अशी तक्रार असलेल्या प्रत्येकास व्रण असतोच असे नाही आणि व्रण असलेल्या प्रत्येकास अशी तक्रार असतेच असेही नाही.

तिखट, आंबट व तेलकट खाण्याने व्रण होतो आणि दूधभातावर राहिल्याने तो बरा होतो, ही समजूत फार जुनी असून विसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यकाचाही तिला पाठिंबा होता. आज व्रणाची खरी कारणे ज्ञात झाली असल्याने आहाराचे स्थान बदलले आहे. आहार हे व्रणाचे कारण नव्हे आणि केवळ आहार हा त्यावरील उपचारही नव्हे. तो उपचारास साहाय्य करतो. राहणीतील काही गोष्टी, विशेषतः तंबाखूचे सेवन व वेदनाशामक औषधांचा स्वैर वापर, यांचे महत्त्व मात्र पूर्वी वाटत होते त्याहून पुष्कळ अधिक आहे.

व्रण कसा होतो : प्रौढ माणसाच्या जठरात दररोज सु. दोन लिटर जठररस स्रवतो. त्यात हायड्रोक्लोरिक अम्ल व पेप्सीन हे प्रथिनांचे पचन करणारे एंझाइम हे दोन प्रमुख घटक असतात. मांसाचा तुकडा पचवू शकणारा हा रस जठराच्या स्वतःच्या भित्तीस पचवीत नाही, याचे कारण तेथील संरक्षक व्यवस्थेत आहे. श्लेष्मकलेवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो व त्या थरात बायकार्बोनेट मिसळलेले असते. त्यामुळे जठराच्या पोकळीत तीव्र अम्लता असूनही कोशिकांलगतचा थर जवळजवळ उदासीन राहतो. त्याखालील कोशिका झपाट्याने नव्या होत असतात आणि भरपूर रक्तपुरवठ्यामुळे आत झिरपलेले अम्ल वाहून नेले जाते. ही सर्व व्यवस्था टिकवून धरण्यात प्रोस्टाग्लँडिने या स्थानिक रासायनिक पदार्थांचा मोठा वाटा असतो. आक्रमक घटक व संरक्षक घटक यांचा तोल ढळला म्हणजे अम्ल व पेप्सीन श्लेष्मकलेत शिरतात आणि व्रण पडतो.

ऐतिहासिक माहिती : माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात अन्न जिरत असताना उठणाऱ्या ‘परिणामशूला’चे आणि ‘अन्नद्रवशूला’चे वर्णन आहे. आधुनिक वैद्यांपैकी अनेकांनी ही वर्णने पचनज व्रणाशी ताडून पाहिली आहेत. यूरोपात झां क्र्यूव्हेल्ये या फ्रेंच विकृतिवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठरव्रणाचे सविस्तर वर्णन केले. जठररसातील अम्ल हे हायड्रोक्लोरिक अम्ल होय, हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये दाखविले. विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी शल्यविशारदांनी बंदुकीच्या गोळीने जठरास कायमचे छिद्र राहिलेल्या एका तरुणाच्या जठरातील पचनक्रिया प्रत्यक्ष पाहून १८३३ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. टेओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये पेप्सीन वेगळे केले. १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्‌स यांनी अम्ल नसेल तर व्रण नाही, असा सिद्धांत मांडला व पुढे सु. सत्तर वर्षे उपचाराची दिशा त्यानेच ठरविली.

अम्ल निष्प्रभ करण्यासाठी शिकागो येथील बर्ट्राम सिपी यांनी १९१५ मध्ये जी पद्धती प्रसिद्ध केली, तीत रुग्णास सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासास दूध व साय यांचे मिश्रण आणि मधल्या वेळेत क्षारीय चूर्णे देत असत. ही पद्धती जगभर रूढ झाली व भारतीय रुग्णालयांतील व्रणरुग्णांच्या दूधप्रधान आहाराचे मूळही तीतच आहे. तिचे दोष हळूहळू उघडकीस आले. दूध व क्षार दीर्घकाळ एकत्र घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होत. तसेच असा आहार घेतलेल्यांत हृद्‌रोहिणीच्या विकाराने झालेले मृत्यू अधिक असल्याचे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवपरीक्षांच्या अभ्यासात आढळले.

शस्त्रक्रियेचा मार्ग त्याआधीच सुरू झाला होता. टेओडोर बिलरोट यांनी १८८१ मध्ये कर्करोगासाठी जठराचा काही भाग यशस्वीपणे काढून टाकल्यानंतर ही शस्त्रक्रिया व्रणासाठीही होऊ लागली. लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये अम्लस्राव चेतविणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेच्या (मज्जेच्या) छेदनास चालना दिली. जेम्स ब्लॅक व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे अम्लस्राव रोखणारे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रेझोल हे त्याहून प्रभावी औषध प्रचारात आले. या औषधांनी व्रण काही आठवड्यांत भरत, परंतु औषध थांबविताच बहुसंख्य रुग्णांत तो पुन्हा उद्‌भवत असे. यावरून मूळ कारण शिल्लक राहते, हे स्पष्ट होत होते.

हे कारण ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे सापडले. विकृतिवैज्ञानिक रॉबिन वॉरेन यांना १९७९ पासून जठराच्या श्लेष्मकलेत वळसेदार सूक्ष्मजंतू दिसत होते. तीव्र अम्लात सूक्ष्मजंतू राहूच शकत नाहीत, अशी तेव्हाची दृढ समजूत होती. त्यांनी तरुण वैद्य बॅरी मार्शल यांच्यासह हा जंतू १९८२ मध्ये संवर्धित केला. आधीचे प्रयत्न दोन दिवसांतच सोडून दिले जात. ईस्टरच्या सुटीमुळे संवर्धनाच्या बशा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतूंच्या वसाहती वाढलेल्या आढळल्या. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे संवर्धन स्वतः पिऊन पाहिले व त्यांना जठरशोथ (जठराच्या श्लेष्मकलेची दाहयुक्त सूज) झाला. या जंतूस १९८९ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ञांच्या परिषदेने जंतू आढळलेल्या व्रणरुग्णांस प्रतिजैव औषधे (अँटिबायॉटिके) द्यावीत, असा निष्कर्ष काढला. वॉरेन व मार्शल यांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कारणे : (१) जंतुसंसर्ग : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू यूरिएज या एंझाइमाच्या साहाय्याने यूरियापासून अमोनिया तयार करतो व त्यायोगे स्वतःभोवतीचे अम्ल निष्प्रभ करून श्लेष्म्याच्या थरात वास्तव्य करतो. संसर्ग बहुधा बालपणीच, तोंडावाटे किंवा दूषित पाणी व मलसंसर्ग यांद्वारे होतो. दाट वस्ती, एकाच खोलीत अनेकांचे राहणे व स्वच्छ पाण्याचा अभाव जेथे असतो, तेथे त्याचे प्रमाण अधिक असते. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही; सु. दहा टक्क्यांना कधी ना कधी व्रण होतो. हा जंतू जठराच्या कर्करोगासही कारणीभूत ठरतो.

(२) वेदनाशामक औषधे : ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन इ. औषधे वेदना व दाह कमी करतात ती प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून. ही क्रिया जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिली. श्लेष्मकलेचे संरक्षणही त्याच पदार्थांवर अवलंबून असल्याने ते त्याच वेळी दुबळे होते. हा परिणाम रक्तामार्फत होत असल्यामुळे हेच औषध टोचून घेतल्यानेही जठर सुरक्षित राहत नाही. वय ६५ पेक्षा अधिक असणे, पूर्वी व्रण झालेला असणे, अशी दोन औषधे एकदम घेणे आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइडे किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणे, या परिस्थितींत धोका अनेक पटींनी वाढतो.

(३) इतर कारणे : धूम्रपानाने व्रण होण्याची शक्यता वाढते, तो भरण्यास विलंब लागतो व जंतू कायम असल्यास तो वारंवार उलटतो. काही कुटुंबांत व्रणाचे प्रमाण अधिक आढळते आणि ओ रक्तगटाच्या व्यक्तींत ग्रहणीव्रण काहीसा अधिक असतो. गॅस्ट्रिन हे हॉर्मोन स्रवणाऱ्या अर्बुदामुळे होणारा व्रण (झोलिंजर-एलिसन लक्षणसमूह, १९५५) विरळा असतो. विस्तृत भाजणे, मेंदूस गंभीर इजा यांसारख्या अत्यवस्थ स्थितींतही तीव्र व्रण पडतात.

मानसिक ताणासंबंधी मते बदलत गेली. एकेकाळी व्रण हा चिंताग्रस्त, महत्त्वाकांक्षी माणसाचा रोग मानला जाई. जंतूच्या शोधानंतर ही कल्पना मागे पडली, तथापि ताणाचा संबंध सर्वस्वी नाकारता येत नाही. लंडनवर १९४०–४१ मध्ये हवाई हल्ले चालू असताना तेथील रुग्णालयांत व्रणाचे छिद्रण झालेले रुग्ण वाढल्याची नोंद आहे. जपानमधील १९९५ च्या हानशिन-आवाजी भूकंपानंतरही रक्तस्राव होणारे व्रण वाढले. ताण हा एकट्याने व्रण निर्माण करतो असे दिसत नाही. संसर्ग असलेल्या व्यक्तीत तो तोल ढळविण्यास मदत करतो. ताणाच्या काळात वाढणारे धूम्रपान, मद्यपान, जागरणे व वेदनाशामक गोळ्या यांचाही त्यात भाग असतो.

लक्षणे व उपद्रव : पोटाच्या वरच्या भागात, मध्यरेषेजवळ, जळजळणारी किंवा कुरतडल्यासारखी वेदना हे प्रमुख लक्षण होय. ग्रहणीव्रणात ती बहुधा पोट रिकामे असताना व मध्यरात्रीनंतर उठते आणि काही खाल्ल्यावर तात्पुरती शमते. जठरव्रणात ती जेवणानंतर लवकर सुरू होते. हा भेद सर्वच रुग्णांत आढळत नसल्याने केवळ त्यावरून निदान करता येत नाही. काही आठवडे त्रास व नंतर काही महिने आराम असा क्रम चालल्याने, आराम पडण्याच्या सुमारास जे पथ्य चालू असेल त्यास रुग्ण श्रेय देतो. पथ्याविषयीच्या अनेक समजुतींचे मूळ या नैसर्गिक चढउतारात आहे.

रक्तस्राव हा सर्वांत अधिक आढळणारा गंभीर उपद्रव आहे. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी होणे आणि डांबरासारखा काळा, चिकट व दुर्गंधीयुक्त मल होणे ही त्याची लक्षणे होत. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. मात्र त्यास तसा चिकटपणा व दुर्गंध नसतो. हळूहळू होणाऱ्या स्रावाने पांडुरोग (रक्तातील हीमोग्लोबिनाची कमतरता) होतो. छिद्रण झाल्यास पोटात एकाएकी असह्य वेदना होऊन पोट फळीसारखे कडक होते व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. जुन्या व्रणाच्या आकुंचनाने जठराचे निर्गमद्वार अरुंद झाल्यास आदल्या दिवशी खाल्लेले अन्न उलटून पडते. वेदनाशामक औषधांमुळे, विशेषतः वृद्धांत, होणारा व्रण पुष्कळदा वेदनारहित असतो व रक्तस्राव हेच त्याचे पहिले लक्षण ठरते.

निदान व उपचार : अंतर्दर्शकाने (तोंडावाटे आत घालावयाच्या लवचिक नळीच्या उपकरणाने) व्रण प्रत्यक्ष पाहता येतो व ऊतकाचा तुकडा काढता येतो. कर्करोग वरकरणी साध्या व्रणासारखा दिसू शकत असल्याने जठरव्रणाची जीवोतक परीक्षा (ऊतकाच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाने तपासणी) आवश्यक असते. जंतूचे निदान त्या तुकड्यावरून, श्वासाच्या यूरिया परीक्षेने किंवा मलपरीक्षेने होते. अम्लस्राव रोखणारी औषधे चालू असल्यास जंतू असूनही तो परीक्षेत सापडत नाही. म्हणून परीक्षेपूर्वी ती सु. दोन आठवडे आणि प्रतिजैव औषधे सु. चार आठवडे बंद ठेवतात.

जंतू आढळल्यास अम्लस्राव रोखणारे एक औषध व दोन किंवा अधिक प्रतिजैव औषधे, काही वेळा बिस्मथाच्या जोडीने, साधारणतः चौदा दिवस देतात. भारतात मेट्रोनिडॅझोलासारख्या काही औषधांस जंतूंनी मोठ्या प्रमाणात प्रतिकार कमावला असल्यामुळे औषधांची निवड वैद्याने करावयाची असते. बरे वाटू लागताच रुग्णाने मध्येच गोळ्या थांबविल्यास उरलेले जंतू अधिक चिवट होतात. उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा परीक्षा करून जंतू नष्ट झाल्याची खात्री करतात. जंतू शिल्लक राहिलेल्या ग्रहणीव्रणाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत वर्षभरात व्रण उलटतो. जंतू नष्ट झालेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी असते. कोणत्याही पथ्याने असा परिणाम कधीही साधलेला नाही.

आहार : उपाशीपोटी जठररसाची अम्लता लिंबू, चिंच, कोकम किंवा ताक यांपैकी कोणत्याही पदार्थाहून सामान्यतः अधिक असते. त्यामुळे या पदार्थांतील अम्लाने व्रण पडतो, असे मानण्यास आधार नाही. भरत नसलेल्या व्रणावर त्यांनी चुरचुरणे शक्य आहे, परंतु चुरचुरणे व अपाय होणे या भिन्न गोष्टी आहेत.

मिरचीविषयीही हेच म्हणता येते. दिल्ली येथील वैद्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रहणीव्रणाच्या रुग्णांच्या एका गटास अम्लप्रतिबंधक औषधांबरोबर रोज तीन ग्रॅम मिरचीची पूड दिली व दुसऱ्या गटास मिरचीविरहित आहार दिला; चार आठवड्यांनी दोन्ही गटांत व्रण भरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून ज्यास तिखटाने त्रास होतो त्याने ते कमी करावे. ज्यास होत नाही त्याने कोल्हापुरी रस्सा किंवा ठेचा केवळ व्रणाच्या भीतीने कायमचा सोडण्याचे कारण नाही.

दुधाने प्रथम आराम वाटतो, कारण ते जठरातील अम्ल थोडा वेळ निष्प्रभ करते. परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम अम्लस्रावास चेतना देतात आणि थोड्याच वेळात अम्ल पूर्वीपेक्षा वाढते. १९७६ मधील एका अमेरिकन अभ्यासात साय काढलेल्या दुधासह दुधाच्या सर्व प्रकारांनी अम्लस्राव वाढल्याचे दिसून आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील दुसऱ्या एका अभ्यासात औषधाबरोबर केवळ दुधावर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा नेहमीचे जेवण घेणाऱ्या रुग्णांत व्रण अधिक प्रमाणात भरले. दूध हे उत्तम अन्न आहे व जेवणाचा भाग म्हणून ते वर्ज्य नाही. मात्र औषध म्हणून तासातासाला, विशेषतः निजताना, ते पिणे हिताचे नाही. खाण्याच्या सोड्याची चिमूटही अशीच फसवी असते. तिने ढेकर येऊन क्षणिक बरे वाटते. परंतु वारंवार वापराने शरीरात सोडियम साठते व रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांस ते अपायकारक ठरते.

भारतात ग्रहणीव्रण गव्हाचे अन्न खाणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशांपेक्षा भातप्रधान दक्षिणेकडील व किनारपट्टीच्या प्रदेशांत अधिक असल्याचे विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक वैद्यांनी नोंदविले. पश्चिम रेल्वेतील वैद्य एस. एल. मल्होत्रा यांनी मुंबईत केलेला व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. ज्यांचे व्रण भरले होते अशा रुग्णांपैकी न चाळलेल्या कणकेच्या पोळ्या खाणाऱ्यांत भात खाणाऱ्यांपेक्षा व्रण कमी वेळा उलटला. अधिक चर्वण करावे लागल्याने लाळ अधिक मिसळते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. १९८२ मध्ये नॉर्वेतील अभ्यासातही तंतुमय आहाराचा असाच गुण दिसला. हे अभ्यास जंतूचे कारण मान्य होण्यापूर्वीचे व थोड्या रुग्णांवरील आहेत; त्यांवरून भात हे व्रणाचे कारण ठरत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंड्यासह कणिक, डाळी, उसळी, पालेभाज्या व फळे यांनी युक्त असा आहार एरवीही हितकर असल्याने तो घेण्यास हरकत नाही, एवढाच त्यांचा व्यावहारिक अर्थ होय.

चहा व कॉफी यांनी अम्लस्राव वाढतो. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही तो वाढतो. त्यांनी व्रण होतो असे सिद्ध झालेले नाही, तथापि सकाळी उपाशीपोटी कडक चहा घेतल्याने ज्यास जळजळ होते त्याने तो काही खाल्ल्यानंतर घ्यावा. मद्याने, विशेषतः तीव्र मद्याने, श्लेष्मकलेस प्रत्यक्ष इजा होते व रक्तस्रावाचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्या व मद्य एकत्र घेणे विशेष घातक असते.

जेवणाच्या वेळा शक्यतो नियमित असाव्यात. दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याची जुनी शिफारस मात्र आता केली जात नाही, कारण प्रत्येक खाण्याबरोबर अम्लस्राव होतोच. दिवसातून तीन वेळा बेताचे जेवण पुरेसे असते व शेवटचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घेणे बरे. व्रण भरत असेपर्यंत निर्जळी वा दीर्घ उपवास टाळणे योग्य होय. उपवास मोडताना साबुदाण्याची खिचडी, तळलेले पदार्थ व चहा यांचा एकदम भडिमार झाल्यास त्रास वाढतो. व्रतस्थ रुग्णाने औषधांच्या वेळा उपवासासाठी बदलू नयेत. अम्लस्राव रोखणाऱ्या गोळ्या सामान्यतः सकाळच्या खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यावयाच्या असतात.

अतिरिक्त पथ्याचेही दुष्परिणाम होतात. वर्षानुवर्षे दूधभात, पेज व साबुदाणा यांवर राहणाऱ्या रुग्णास लोह, क जीवनसत्त्व व प्रथिने कमी पडतात आणि ज्या काळात जखम भरण्यासाठी पोषणाची गरज अधिक असते, त्याच काळात तो कृश होतो. रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णास तर लोहयुक्त आहाराची व बहुधा लोहाच्या औषधाचीही आवश्यकता असते. रुग्णासाठी वेगळे, बेचव अन्न रांधण्याची घरातील स्त्रियांवर पडणारी सक्तीही बव्हंशी अनावश्यक आहे. ज्या पदार्थाने स्वतःस वारंवार त्रास होतो, तो पदार्थ व्रण भरेपर्यंत टाळावा व इतरांप्रमाणे जेवावे, हाच आजच्या वैद्यकाचा साधा नियम आहे.

राहणी : विडी व सिगारेट सोडणे हा राहणीतील सर्वांत परिणामकारक बदल होय. तंबाखू चघळणे, मिश्री लावणे व गुटखा खाणे यांनी तोंडाचा कर्करोग होत असल्याने विडी सोडून त्यांकडे वळण्यात शहाणपण नाही.

वेदनाशामक औषधांबाबतची दक्षता तितकीच महत्त्वाची आहे. शेतात व बांधकामावर राबणारे मजूर, गुडघेदुखीने बेजार झालेले वृद्ध व डोकेदुखीच्या रुग्ण स्त्रिया दुकानातून सुट्या गोळ्या आणून दीर्घकाळ घेत राहतात. एकाच पाकिटातील संयुक्त गोळीत असे औषध असल्याचे त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. सांधेदुखीवरील ज्या चूर्णांतील घटक लिहिलेले नाहीत, तीही टाळावीत. साध्या वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतल्यास जठरास तुलनेने निरुपद्रवी असते. दाहशामक औषध अपरिहार्य असल्यास ते अल्पतम मात्रेत, थोडे दिवस व वैद्याच्या सल्ल्याने जठररक्षक औषधासह घ्यावे. नुसते जेवणानंतर घेतल्याने व्रणापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. हृदयविकारासाठी चालू असलेले अल्पमात्रेतील ॲस्पिरीन मात्र रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये. ते एकाएकी थांबविल्याने हृदयाचा झटका येण्याचा संभव असतो. अशा वेळी जठररक्षणाची व्यवस्था वैद्याने करावयाची असते.

पुरेशी झोप, रात्रपाळीतही जेवणाच्या ठरावीक वेळा, तसेच चिंतेच्या प्रसंगी व्यसनांचा आश्रय न घेणे या गोष्टी रुग्णाचा त्रास कमी करतात. संसर्ग टाळण्यासाठी शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, शुद्ध पाणी पिणे आणि लहान मुलांना स्वतःच्या तोंडातील घास न भरविणे हे उपाय आहेत. दीर्घ पल्ल्याचा विचार करता घरांतील गर्दी कमी होणे व शुद्ध पाण्याचा पुरवठा यांनीच या जंतूचे प्रमाण घटते, असे अनेक देशांचा अनुभव सांगतो.

वैद्याकडे केव्हा जावे : काळा मल, रक्ताची उलटी, एकाएकी उठलेली तीव्र पोटदुखी किंवा घेरी येणे यांपैकी काहीही झाल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे, या स्थितीत दूध, सोडा किंवा घरगुती काढा देण्यात वेळ घालवू नये. वजन घटणे, गिळण्यास त्रास, सतत उलट्या, पांडुरोग, तसेच चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पोटदुखी यांत अंतर्दर्शकाने तपासणी करून घेणे आवश्यक असते. श्रमाबरोबर वाढणारी, घाम आणणारी किंवा डाव्या हाताकडे, मानेकडे व जबड्याकडे सरकणारी वेदना ‘पित्त’ समजून अंगावर काढू नये, कारण ती हृदयविकाराची असू शकते. अम्लस्राव रोखणाऱ्या गोळ्या सहज मिळतात म्हणून महिनोन्‌महिने घेत राहणेही इष्ट नाही. त्यांनी वेदना दबते, परंतु जंतू तसाच राहतो व क्वचित कर्करोगाचे निदानही लांबणीवर पडते.

पचनज व्रण हा आता आयुष्यभर सांभाळावयाचा रोग राहिलेला नाही. जंतूचा नाश, अपायकारक औषधांचा त्याग व तंबाखूपासून मुक्ती या तीन गोष्टी साधल्यास बहुसंख्य रुग्णांत तो कायमचा बरा होतो आणि रुग्ण पुन्हा घरच्या पानावर बसून सर्वांबरोबर जेवू शकतो.